काचेच्या आतली धूळ

४ मार्च
संग्रहालय म्हटलं की लोकांना आधी धूळच का आठवते? मुलाखतीत संचालकबाईंनी विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, आजही येत नाही. तरी वस्तूंची निगा राखायची नोकरी मिळाली! तीन महिने कच्ची, मग पक्की. घरातली पहिली पदवीधर मी. आई चार घरची धुणीभांडी करते. तिने ही बातमी इतक्यांदा सांगितली, की शेजारीण म्हणाली, आता लेकीलाच काचेत ठेवा. ‘इथे वस्तूही धूळ खातात आणि कर्मचारीही’, असं एका वर्तमानपत्राने छापलंय. ते खोटं ठरवायचंच! जुने शिपाईकाका मात्र हसले. म्हणाले, ताई, धूळ कुठे बाहेरून येते? बघायला येणारा माणूसच थोडाथोडा इथे राहतो.

९ मार्च
सोळा कपाटं पुसून झाली. मऊ ब्रश, वरून खाली, घाई नाही. काका म्हणतात, तुम्ही धुळीची सवत झालात.

१४ मार्च
आई न सांगता संग्रहालयात आली, ठेवणीतले कपडे घालून. मातीच्या भांड्यांच्या कपाटावर तळवा टेकून उभी होती. संचालकबाईंनी पाहुण्यांसमोर विचारलं, या कोण. मी म्हणाले, सफाईला बोलावलेल्या बाई.
संचालकबाईंनी आईच्या हाती फडकं दिलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, संध्याकाळपर्यंत पुसत राहिली. घरी एवढंच म्हणाली, काचा छान निघाल्या.


१५ मार्च
त्याच कपाटात, काचेच्या आतून, धुळीचा तळवा. कुलूप शाबूत होतं. उघडून पुसला.

१६ मार्च
पुन्हा. आता कोपरापर्यंत. पुसला. घरी आईच्या हातून पातेलं निसटलं. म्हणाली, हाताला काही कळेनासं झालंय गं.

१७ मार्च
खांदा. गळा. संचालकबाई म्हणाल्या, उद्या वार्ताहर येणार, कणही दिसता कामा नये. पुसलं. घरी आईचे ओठ हलतात, आवाज नाही. मी पुसते ते तिच्यातून जातं, मला कळलंय. पुसण्याआधीही कळलं होतं —

१८ मार्च
चेहरा आलाय. तिचाच.
संचालकबाई जिन्यात — वार्ताहर त्यांच्यासोबत —
ठरवलं. केलंही. डोळे आधी पुसले, ते माझ्याकडे बघत होते. काच लख्ख आहे. ब्रश झटकायला खिडकीशी नेला, तर तो कोमट आहे, आणि त्यातली धूळ श्वास घेतेय —