हँडलवरचं हळदकुंकू

क्वेकर्स हिल, लॉकडाऊनमधला शुक्रवार, संध्याकाळ

नवी सायकल आणल्यावर तीन आठवड्यांनी, काल इराने तिचं हँडल स्वतःहून धरलं. ऑटिझममुळे माझ्या या नऊ वर्षांच्या लेकीला नवा स्पर्श सोसत नाही. म्हणून आज आनंदाने मी हँडलला हळदकुंकू लावलं. गावी नव्या सायकलला लावायचोच. हँडल धरताच तिने आपली पिवळी-लाल झालेली बोटं पाहिली आणि ती किंचाळली, "बाबा, इट्स डर्टी! टेक इट ऑफ!" बाहेर पडायला मिळणारा एकच तास, तो नळाखाली हात धुण्यात गेला.

"अहो, तिला आधी दाखवायचं तरी!" बायको म्हणाली. खरंच, का नाही सुचलं?

हँडल तीनदा पुसलं. रबराच्या खाचेत पिवळं राहिलंच आहे. तिला ते दिसणारच. आता ती पुन्हा हात लावेल?

देवापुढे दिवा लावला, पण काही मागवेना. त्याचंच नाव घेऊन मी हँडलला हळदकुंकवाचं बोट टेकवलं होतं.