उरलेली अकरा मिनिटं

वैशाली, गाझियाबाद
२२ जानेवारी २०२६

प्रिय अवि,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. माझी प्रकृती उत्तम आहे, गुडघे सोडून. गुडघे मी आताशा प्रकृतीत धरतच नाही. इथे थंडी कडाक्याची आहे. धुक्यामुळे समोरची बिल्डिंग तीन दिवस दिसली नाही, आणि खरं सांगू, बरं वाटलं. सुनीतीला सांग, डिंकाचे लाडू मिळाले आणि दोन दिवसांत संपलेसुद्धा.

तू लिहिलं आहेस, "नातेवाईक आणि राजकारण सोडून दे, सध्या काय काय पाहतेस ते कळव." कळवते. आपण दोघं चाळीस वर्षं सिनेमावर भांडतोय आणि त्यात आपलं कधी काही बिघडलेलं नाही. शिवाय घरच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलास, फोन उचलत नाहीस, म्हणजे उरलं पत्रच. चलो, हेही ठीक.

आधी तो लढाईचा सिनेमा. पानिपतावरचा नवा. आम्ही पाहिला आणि मला अजिबात आवडला नाही. फौज महिनाभर उपाशी आहे असं पडद्यावर एक जण गळा काढून सांगतो, आणि त्याच्या मागे उभे असलेले सगळे जिममधून थेट आलेले. सेनापतीचे केस तर असे भुरुभुरु उडतात की शाम्पूची बाटली कुठे दिसते का ते मी शोधत होते. चौदा तारखेला महाराष्ट्र मंडळाच्या बसने आम्ही पानिपतला काला अंबच्या स्मारकाला गेलो होतो, तेव्हा परतताना बसमध्ये अंताक्षरीऐवजी सिनेमावर बोलायचं ठरलं. माईक माझ्या हातात आला आणि मी हे सगळं बोलून टाकलं. मंडळाचे सेक्रेटरी जयेश म्हणाले, काकू, आपल्या लोकांवर कोणी सिनेमा काढतो हेच खूप आहे. मी म्हटलं, का म्हणून? आपल्या लोकांवर काढला की वाईट सिनेमा चांगला होतो का? त्यांना सांगितलं, त्या स्मारकापाशी आज साताऱ्याकडचे एक आजोबा चपला काढून नुसते उभे होते. घोषणा नाही, रडणं नाही, पाच मिनिटं फक्त उभे. तुमच्या तीन तासांत तेवढं एक मिनिट दाखवा आणि मग मला गप्प बसवा. त्यानंतर बसमध्ये चिवड्याची पिशवी फिरली ती माझ्यापर्यंत आलीच नाही. न येऊ दे. शेजारच्या सीटवरून मिळाला.

दुसरी ती दिल्ली पोलिसांची मालिका. शिव्या इतक्या की चोर कोण आणि पोलीस कोण ते सहाव्या भागापर्यंत कळत नाही. त्यात इन्स्पेक्टरचं घर म्हणून लक्ष्मीबाई नगरचा क्वार्टर दाखवलाय, आणि त्या क्वार्टरात आतून जिना आहे. जिना! आपल्या क्वार्टरात कपाट उघडलं की खोलीचं दार लागायचं नाही. दिग्दर्शकाने सरकारी नोकर कधी जवळून पाहिलेला नाही, एवढं नक्की. त्यातली हवालदारीण मात्र झकास. ती जेवताना खरोखर जेवते. माझी परीक्षा तुला माहीत आहे. जो नट पोळीचा तुकडा मोडून नुसता ताटात फिरवत बसतो, त्याच्या रडण्यावर माझा विश्वास बसत नाही.

तिसरा मराठी. आपल्या सिनेमाला इथल्या मॉलमध्ये एकच शो मिळाला, तोही सकाळी नऊ चाळीसचा. आम्ही धरून सात माणसं, त्यातली दोन नुसती उबेला आलेली असावीत. गावी एकटी आई आणि अमेरिकेत मुलं, फोनवर सगळे रडतात. मला नाही रडू आलं. अरे, त्या बाईला दोन शेजारणी द्या, भांडायला एक भाजीवाला द्या, मग बघा ती रडते का. मी एवढी वर्षं एकटी राहिले, मला कोणी असं खिडकीत बसवून ठेवलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीत मात्र रुमाल चांगला ओला झाला.

आम्ही, शेजारची सीट, शेजारची खुर्ची. तू सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झालास. फायलीत जे लिहिलेलं नसतं तेच आधी वाचायची तुला सवय. तेव्हा आता उगाच लपवाछपवी नको. निधी माझ्याकडे राहते. दिवाळीनंतरच्या आठवड्यापासून.

तुझ्या चार पानांत तुझ्या मुलीचं नाव एकदाही नाही. पुण्यातल्या नव्या फ्लॅटमधली माझी खोली आहे, खिडकीतली टेकडी आहे, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहेत, आणि शेवटी "कायमची ये, पण एकटी ये" आहे. लग्न केलं नाही म्हणून मी जन्मभर सगळीकडे एकटीच गेले, पण एकटी ये असं मला आजपर्यंत कोणी बजावलं नव्हतं. म्हणजे ती इथे आहे हे तुला ठाऊक होतं. मग लाडू एवढे का पाठवलेत? सुनीतीने पाठवले म्हणून म्हणशील. बिल्कुल. पण डबा पोस्टात तूच टाकलास ना?

आता चौथी, निधीने लिहिलेली मालिका. आत्या म्हणून सूट देणार नाही. संगीत फार वाजतं. पहिला भाग रेंगाळतो. आईचं पात्र तिला जमलेलं नाही, सुनीती त्याच्या दसपट बोलते. पण पुण्याहून दिल्लीत नोकरीला आलेला तो कारकून, तो बाप, तो जमलाय. बायको माहेरी गेलेली असताना तो पोरीच्या युनिफॉर्मला इस्त्री करायला जातो, कॉलर जाळतो, आणि सकाळी शाळेत जाऊन बाईंसमोर हात जोडून म्हणतो, "गलती मेरी है, इसे खड़ा मत कीजिए." ते पाहताना मी टीव्ही बंद करून आत जाऊन बसले, मग परत लावला. अवि, गेल्या दोन-चार वर्षांत मी पाहिलेल्या सगळ्या बापांत हा एकच खरा आहे.

आणि तू ती मालिका तिसऱ्या भागात, सत्ताविसाव्या मिनिटाला बंद केलीस. सुनीतीने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.

मालिका सुरू व्हायच्या दिवशी निधीने तुला मेसेज केला होता. "बाबा, तुमच्यासारखा माणूस पडद्यावर आणायची मी चेष्टा केली आहे. बघून सांगा, जमली का." मुलीने लिहिलं मराठीत आणि शब्द वापरला हिंदीतला. तिच्या डोक्यात चेष्टा म्हणजे प्रयत्न. जन्म दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलातला, शाळा हिंदी-इंग्लिश, तू ऑफिसातून सातला यायचास. ती मराठी कानाने शिकली, डिक्शनरीतून नाही. तुला हे कळलं नसेल असं मला सांगू नकोस. एकतीस वर्षं तू हिंदीत नोटिंग केलंस. "यथासंभव चेष्टा की जाएगी" असं तुझ्या हाताने शंभरदा लिहिलं असशील. सकाळी मेसेज वाचलास तेव्हा तुला बरोबर कळलं होतं, म्हणून तर टीव्हीसमोर बसलास. सत्ताविसावं मिनिट आलं आणि मग त्या शब्दाचा अर्थ तू बदललास. तिला उलटा मेसेज केलास, "चेष्टा जमली. आता तोंड दाखवू नकोस."

ती पोर तो मेसेज घेऊन माझ्या दारात आली आणि मला विचारत होती, आत्या, बाबा म्हणतायत जमली, मग तोंड का नको? तिला मराठीतला अर्थ मी सांगितला. तो सांगताना मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता माझं ऐक. सत्ताविसाव्या मिनिटाला जे आहे ते तू जन्मात कोणाला सांगितलं नाहीस, सुनीतीलासुद्धा नाही. त्या दिवशी तिथे तू होतास आणि मी होते. तेव्हा तिला कोणी सांगितलं हा प्रश्न तुला पडलेलाच नाही, आणि तरी तीन महिने तू मला विचारलं नाहीस. पोरीवर काढलंस. माझ्यासाठी खोली रंगवलीस. हे मला फार लागलं, अवि.

मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, भाजी निवडताना, सगळं सांगितलं. तू सव्वीस वर्षांचा, नुकता दिल्लीत आलेला, माझ्याच क्वार्टरात राहायचास. मंडळाच्या नाटकांत तुझं नाव झालेलं. मालिकेसाठी नवे चेहरे हवेत म्हणून जाहिरात आली आणि तू मला बरोबर घेऊन गेलास. मी बाहेर बाकावर, दार अर्धं उघडं. आतल्या माणसाने विचारलं, सगे भाई ने धोखा दिया तो क्या होगा? आणि तू जीव ओतून म्हणालास, "मुझे बहुत राग आएगा." गुस्सा म्हणायचं होतं तुला, बाहेर पडला आपला राग. तो माणूस म्हणाला, "अच्छा? तो गाके सुनाइए." आतले पाचही जण हसले. चहा घेऊन आलेला माणूससुद्धा हसला. त्यानंतर तू मंडळाच्या स्टेजवरही कधी चढला नाहीस. दुसऱ्या महिन्यात डिपार्टमेंटच्या परीक्षेचा फॉर्म भरलास.

तू तिथे बंद केलंस. त्यापुढे अकरा मिनिटं आहेत.

त्या अकरा मिनिटांत तो माणूस बहिणीबरोबर बसस्टॉपवर येतो. गर्दी आहे. तो एकदम बोलायला लागतो. सख्ख्या भावाने धोका दिल्याचा तोच प्रसंग, पण मराठीत, सगळा, एकही शब्द न अडखळता. रांगेतली माणसं गप्प होतात. त्यांना ओ की ठो कळत नाही, तरी ऐकतात. बस येते आणि कंडक्टर घंटी वाजवत नाही. हे निधीने रचलेलं नाही, अवि. हे झालं होतं. तू रस्त्याकडे तोंड करून बोलत होतास, म्हणून तुला मागचे लोक दिसले नाहीत. मला दिसले. चाळीस वर्षं तुला ते हसणारे पाचच आठवतात आणि मला बसस्टॉपवरचे तीस-चाळीस. मीही तुला हे कधी बोलले नाही, कारण तू घरी येताना म्हणालास, "ताई, हा विषय पुन्हा नको." मी पाळलं. चूक केली. शब्द पाळून मी तुझी अर्धी गोष्ट माझ्याजवळ दाबून ठेवली.

आणखी एक. तो मेसेज पाठवायच्या आधी निधीने मला फोनवर वाचून दाखवला होता. चेष्टा हा शब्द मला खटकला. मी दुरुस्त केला नाही. वाटलं, तू हसशील, म्हणशील, बघ आपली दिल्लीकर कन्या. एवढा विश्वास मी तुझ्यावर टाकला, हाही माझाच दोष धर.

पण तुझा दोष मी सोडणार नाही. तू मराठी शब्द हिंदीत नेलास, तिने हिंदी शब्द मराठीत आणला. अगदी तीच चूक. तुला हसले ते परके होते, पुन्हा कधी भेटणार नव्हते. तिला तोंड दाखवू नकोस म्हणाला तो तिचा बाप होता. सांग, कोणी जास्त वाईट केलं?

मी पुण्याला येणार नाही. भीती वाटत नाही असं नाही. बहात्तर झाली आहेत, मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरला, निधीने आधार दिला म्हणून हाडं शाबूत आहेत. तुझ्याशिवाय मला दुसरं भावंड नाही आणि रोज तुझ्याशी भांडायला मिळालं तर मला हवंच आहे. टेकडीही हवी आहे. पण त्या खोलीच्या दारात तिला ठेवून मला आत यायचं नाही. दुसऱ्या कोणाला दे ती खोली, नाहीतर धान्याची पोती ठेव. मंडळातल्या विजया म्हणाल्या, म्हातारपणी एवढा ताठा बरा नव्हे, भावाचं ऐका. मी म्हटलं, ताठा आत्ता नाही दाखवायचा तर कधी?

हे पत्र निधीला दाखवलेलं नाही. ती आत बसून दुसऱ्या सीझनचं लिहितेय आणि मधूनमधून मला मराठी शब्दांचे अर्थ विचारतेय. आजकाल प्रत्येक शब्दाचा विचारते, साध्या साध्या शब्दांचासुद्धा. आपल्याच भाषेत बोलायची तिला भीती वाटायला लागली आहे. ही भीती तुझ्या ओळखीची आहे. ती तू तिला दिलीस.

तेव्हा हवं तर अकरा मिनिटं बघ, नको तर नको. पण एकदा इथे ये. माझ्यावर राग आला असेल तर समोर बसून भांड, तिच्यावर आला असेल तर तिला सांग, मराठीत सांग, तोंड भरून सांग. मला राग आलाय, असंच म्हण. या घरात त्या शब्दाला कोणी हसणार नाही.

तुझी ताई, आणि त्याआधी निधीची आत्या,
कुमुदिनी