साडेसत्तावन्न ओहम

माय, तुला जाऊन सोळा वर्षं झाली. मी आता बीडला पोरापोरींना वायरमनचं काम शिकवते, हे तुला माहीत नाही. दोन दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही. कणीक मळता मळता उठून बाहेर येते, पेपर तपासताना पेन ठेवून देते आणि परत उचलते. शेवटी लिहायला बसले.

मी बारावीला होते, विजेचा विषय घेतलेला, जवळ स्वतःचं मीटर. तू उपकेंद्राची नर्सबाई, आणि आपण मागच्याच दोन खोल्यांत राहायचो. नवजात बाळ ऊबेत ठेवायची ती पेटी आठवते? तालुक्याहून जुनी आलेली, तळाशी कॉइल असलेली. एके दिवशी दुपारी तू पेटीत हात घालून बराच वेळ उभी राहिलीस आणि मला हाक मारलीस. "बघ बरं तुझ्या मीटरनं. मला ही थंड वाटायली."

मी ऐटीतच आले. भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन काढली आणि मीटरची दोन टोकं पिनेच्या दोन दांड्यांना लावली. साडेसत्तावन्न ओहम. पेटीच्या पाटीवर २३० व्होल्ट, ९२० वॅट लिहिलेलं होतं. तिथंच कागदावर गणित केलं. ९२० भागिले २३०, म्हणजे करंट चार अँपिअर. २३० भागिले चार, म्हणजे रोध, विजेला होणारा अडथळा, साडेसत्तावन्न ओहम. तंतोतंत. "कॉइल एकदम चांगलीय माय. तुझ्या हाताला काय कळतंय." तू परत एकदा पेटीत हात घातलास, माझ्याकडे पाहिलंस. "बरं. तू शिकलेली हायस," म्हणालीस आणि कामाला लागलीस.

गणित चुकलं नव्हतं. पण पिन काढून मोजलं की फक्त कॉइल कळते. भिंतीतून तिला किती व्होल्ट मिळतात, हे मी पाहिलंच नाही. पुस्तकात २३० होते, म्हणून आपल्या गावातही २३० असणार, असं मी धरून चालले. संध्याकाळी आपला बल्ब कमी व्होल्टेजनं लालसर जळायचा, तो मला रोज दिसत होता.

आठ दिवसांनी वीटभट्टीवरची एक बाई सकाळीच आली, दिवस भरायच्या आधी. मुलगी झाली, अगदी ओंजळीएवढी. थंडी कडक होती. तू तिला पेटीत ठेवलंस. पहिल्यासारखा घडीघडी हात घालून पाहिला नाहीस, कारण पेटी चांगली आहे असं मी सांगितलं होतं. दीड तासानं तू तिचे तळपाय चाचपलेस, तर गार. तू तिला उचललंस, स्वतःच्या छातीशी धरलंस, वरून शाल लपेटलीस आणि जीप बोलावलीस. बीडपर्यंत तशीच बसून होतीस. चौथ्या दिवशी ती मुलगी गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं तयार झालेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात चौकशीला साहेब आले. "बाई, पेटी चालू केली होती का नाही?"

"केली होती, सायेब."

"मग पोर गार कशी पडली?"

 माझं नाव घेतलं नाहीस. मी दारात होते, त्या लालसर बल्बाकडे पाहून माझी चूक तोवर माझ्या ध्यानात आली होती. मीच म्हणाले, "साहेब, व्होल्टेज मोजा." गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याच्याकडे वायरीला चिमटा लावला की करंट दाखवणारं मीटर होतं. पेटी चालू केली. व्होल्ट १६१, करंट २.८. मी सगळ्यांसमोर कागदावर मांडलं. १६१ भागिले २.८, रोध साडेसत्तावन्न, म्हणजे कॉइल चांगली. १६१ गुणिले २.८, साडेचारशे वॅट, म्हणजे पाटीवर लिहिलंय त्याच्या निम्मीसुद्धा ऊब नाही. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, म्हणून ऊब दुहेरी कमी होते. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "पोरगी हुशार आहे," म्हणाले. तुझ्यावरचा ठपका निघाला. रोध याआधी कुणी मोजला होता का, हे कुणी विचारलं नाही. तुला माहीत होतं आणि मला.

त्या दिवशी तू भाकरी थापत होतीस. मी शेजारी येऊन बसले, तू ओरडशील म्हणून. तू तव्यावरून नजर न काढता म्हणालीस, "चालू करून बघितल्याबिगर कुनाला बरी हाय म्हणू नको." पुढं जन्मभर तो विषय काढला नाहीस. उलट येईल त्या पाहुण्याला सांगायचीस, माझ्या लेकीनं मला वाचवलं. मी आत निघून जायचे. तुला वाटायचं, लाजते.

व्होल्ट, करंट, रोध, वॅट, यांतली कोणतीही दोन मिळाली की उरलेली निघतात, असं मी फळ्यावर दरवर्षी लिहिते. मी त्या दुपारी खरं मोजलं असतं, तर तू त्या लेकराला पहिल्या मिनिटापासून छातीशी धरलं असतंस. त्या दीड तासानं काही फरक पडला असता का? हे कशातूनच निघत नाही. मी अजून काढत बसते.

दरवर्षी वर्गात ही गोष्ट सांगते. "एक मुलगी होती" अशी सुरुवात करते. परवाही सांगितली. पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, आधी पेटी चांगली हाय म्हणून त्या पोरीनंच सांगितलं होतं, हे तिनं नंतर सायबाला सांगितलं का?"

मी फळ्याकडे वळले आणि फळा पुसत म्हणाले, "हो, सांगितलं."

हे पत्र कुठं टाकता येणार नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. उद्या पहिला तास त्याच वर्गावर आहे. त्या पोरीला खरं सांगेन, असं मला अजून म्हणवत नाही, माय.