मयुरीच्या माशांची गाळणी

रावेर

श्री. योगराजआबा यांस लीलाधरचा रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि सातव्या महिन्यात माहेरी आलेली आमची सून, म्हणजे तुमची मयुरी, वेळेवर जेवत असेल असे धरून चालतो. फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की तुमच्याकडचा फोन तीच उचलते. (आमचा ड्रायव्हर भटू धुळ्याला केळी उतरवून शिंदखेड्याला येईल. एक घड तुमच्यासाठी आहे. तो आधी उतरवून घ्या, पत्र मग वाचा.)

जाताना मयुरीने तिची माशांची टाकी माझ्यावर सोपवली. अकरा मासे, आणि काचेवर चिकटवलेली चिठ्ठी : पंधरा दिवसांनी फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका दाबायचा, चोळायचा नाही. आता आबा, तीस वर्षे मी केळीला ठिबक चालवतो. फिल्टरमध्ये गाळ साचला की नळ्या चोंदतात आणि घड बारीक राहतात, हे मला सुनेने शिकवावे अशी वेळ अजून आलेली नाही. उघडून पाहिले तर स्पंज काळपट, बुळबुळीत, वास गावतळ्याचा. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे, दुसरे काय असणार? तुमची विहीण सुमनबाई म्हणाली, "पोरीनं सांगतलं तितलंच करा ना. तुम्हाले काहाले पाह्यजे जास्तीचं?" पण मी तो बोअरच्या धारेखाली धरला, गरम पाण्यातून काढला, आतल्या चिनीमातीच्या कड्या गच्चीवर उन्हात वाळवल्या आणि टाकीचे सगळे पाणी बदलले. स्पंज मुळात निळा आहे, हे घरात प्रथमच कळले. (शेजारचे हिलालभाऊ मुद्दाम बघून गेले.)

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखे झाले. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडे उघडून राहिले आणि पाचव्या दिवशी दोन गेले. त्यातला काळा, मोठ्या डोळ्यांचा, मयुरीचा विशेष लाडका. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा सुमनबाई कॅमेरा देवघराकडे धरते, त्यामुळे पोरीला आठ दिवस नुसते देवदर्शन घडते आहे. मला मनापासून वाईट वाटते, ते लिहून ठेवतो. लग्न होऊन आल्यापासून तिने या घरात स्वतःची म्हणून एवढी एकच वस्तू मांडली होती.

शेवटी जळगावला माशांच्या दुकानातल्या तेजसला गाठले. तो म्हणाला, "काका, ती घाण नव्हती. माशांच्या विष्ठेतलं विष पचवणारे जिवाणू त्यात राहतात. तुम्ही तेच धुऊन टाकले." म्हणजे कामावरचे मजूर मीच कचरा समजून हाकलले. नवे जमायला महिना-दीड महिना लागतो, तोवर रोज चार बादल्या पाणी बदलायचे. बदलतो आहे. कंबरेचे विचारू नका. बाकी इकडे सर्व ठीक.

तुमचा,
लीलाधर

ता. क. खरे काम राहिलेच. जुन्या, चालू टाकीतला न धुतलेला स्पंज आणून बसवला तर उरलेले नऊ मासे वाचतात आणि बादल्याही सुटतात. तेजसच्या टाक्यांत औषध टाकलेले आहे, त्याचा चालत नाही. दोन्ही घरांत मिळून अशी टाकी एकच, तुमच्या बैठकीतली. मयुरीने ती कॉलेजात असताना मांडली, आणि तिच्या फिल्टरला आबा कधी हात लावत नाहीत, असे ती कौतुकाने सांगते. लग्नात आम्ही तुमच्याकडे चमचाही मागितला नाही, हे तुम्ही अजून चारचौघांत बोलता. यापुढे बोलता येणार नाही. आबा, तुमची घाण पाठवा. अर्धा स्पंज कापून, टाकीच्याच पाण्यात बुडवून, डब्यात घालून भटूकडे द्या. मयुरीला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवता चिकटवता तिचाच फोन आला. म्हणाली, "नाना, भटूभाऊ येताहेत ना, त्यांच्याजवळ आपल्याकडचा अर्धा स्पंज द्या. इथं आबांनी काल अख्खा स्पंज साबणानं धुतला. तुम्ही सांगितलं तेवढंच करता, म्हणून बरं." मी हो म्हणालो. तर आबा, डब्याचे राहू द्या. तुम्ही तिचे वडील, तुमच्यावर ती फार वेळ रागावणार नाही. त्या रागातच माझे दोन मासेही तिला सांगून उरकून घ्या.