उरलेला अर्धा अनुभव

मु. पो. मोल्दोव्हा,
द्राक्षतोडणी नुकतीच संपलेली

रा. रा. वेंदेलीनराव यांस,

इमरिखचा उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकायला हरकत नव्हती, पण तुमच्यापुढे वाकल्याचं गावात कळलं तर माझ्या बाजूचे लोक मला जगू देणार नाहीत.) तुमची तब्येत ठीक असणारच. काही बिघडलं असतं तर अर्ध्या गावाने मला आनंदाने कळवलं असतं. तुमची बहीण, माझी मार्गिता, गेल्यापासून आपल्यात पत्र सोडाच, कुंपणावरून खोकणंसुद्धा बंद आहे, तेव्हा हे पाकीट पाहून दचकू नका. मी धडधाकट आहे.

तर झालं असं. साम्यवाद गेल्यावर आपण जे काही केलं तो 'अनुभव' आहे आणि तो गरजू देशांना मदत म्हणून वाटावा, असं आपल्या सरकारला वाटतं. (आपण करत होतो तेव्हा त्याला गोंधळ म्हणत.) त्यापायी ब्रातिस्लाव्हाच्या मंत्रालयातून एक बाई आल्या आणि विचारू लागल्या, आजूबाजूच्या गावांत जमिनीचे तुकडे झाले, तुमचीच सहकारी शेती अखंड कशी राहिली? त्या वेळचा अध्यक्ष मी, म्हणून म्हणालो, चर्चेने आणि सामंजस्याने. बाईंनी मला तिथल्या तिथे तज्ज्ञ केलं. तुम्ही त्या दिवशी दात काढायला गेला होतात, नाहीतर एवढं सोपं गेलं नसतं.

इथल्या सरपंच पारास्कोव्याबाई. माणसाला दंडाला धरून खुर्चीत बसवतात. बोलणं रशियनमध्ये चालतं. (शाळेत ती भाषा न शिकण्यासाठी आपण दोघांनी किती कष्ट घेतले, आणि शेवटी तीच उपयोगी पडली.) इथे साम्यवाद गेल्यावर चिठ्ठ्या टाकून जमीन वाटली. एकेका घराला एक पट्टी टेकडीवर, एक ओढ्याकाठी आणि थोडी झाडं पलीकडच्या शिवारात. पोरं इटलीला गेली, म्हातारे उरले, आलुबुखारा झाडाखाली सडतो. बागा पुन्हा एकत्र केल्या तर गावाला शीतगृह मिळणार आहे, पण सही करायला कोणी धजत नाही. एकत्र या म्हटलं की म्हाताऱ्यांना जुने दिवस आठवतात. या हंगामात ठरलं नाही तर शीतगृह दुसऱ्या गावाला जाणार. म्हणून मला आणलं.

मी शाळेत उभं राहून भाषण ठोकलं. शांतता, चर्चा, एकमत. शेवटी पारास्कोव्याबाई उठल्या. म्हणाल्या, "पाहुणे, एकमत आमच्याकडेही होतं. एका दुपारीत सगळी वाटणी उरकली, कोणी हूं की चूं केलं नाही. म्हणून तर ही वाट लागली. आता खरं काय ते सांगा." आणि मला तळघरात नेलं. इथे तळघरात वाइनच्या पिंपापाशी पेला एकच असतो. तो हातोहात फिरतो आणि तुम्ही रिकामा केल्याशिवाय पुढच्याला मिळत नाही, त्यामुळे नको म्हणायची सोय नाही, मागची माणसं तहानलेली असतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर मी खरं बोललो.

खरं म्हणजे भट्टी. सांगितलं की आमच्या वाटणीच्या सभेत पहिलाच विषय निघाला गावच्या दारूभट्टीचा. मी म्हटलं, भट्टी मला हवी. तर माझा मेहुणा (म्हणजे तुम्हीच) उठला आणि अख्ख्या गावासमोर म्हणाला, "इमरिखच्या हातची दारू म्हणजे म्हातारीच्या गुडघ्यांना चोळायचं औषध! याला भट्टी देण्यापेक्षा मोडीत घाला!" झालं. अर्धं गाव माझ्याकडे, अर्धं त्याच्याकडे. दर सभा भट्टीपाशी अडायची. पुढचा विषय जमीन होता, तिथवर कोणी पोचलंच नाही. वाटणीची सरकारी मुदत टळली, भट्टी कोणालाच मिळाली नाही, आजही सगळे आळीपाळीने वापरतात, आणि जमीन होती तशी राहिली. हा आपल्या देशाचा अनुभव.

मला वाटलं, आता गाठोडं बांधायला सांगतील. पण तळघर हसण्याने दणाणलं आणि, वेंदेलीनराव, तिथे दोन तट पडले! माझ्या तोंडाने, माझ्या बाजूने सांगितलेली हकिगत, तरी निम्मे लोक तुमच्याकडे. एक बोळक्या तोंडाची आजी म्हणाली, "लेकरा, मेहुणाच बरोबर असणार. तू फार साळसूद चेहऱ्याने सांगतोयस." पारास्कोव्याबाई म्हणाल्या, "भांडूनसुद्धा माणसं एकत्र राहू शकतात, हे आमच्या लोकांना आज कळलं. पण तुमच्या सरकारने अर्धाच अनुभव पाठवलाय. उरलेला मागवा. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय इथे सह्या व्हायच्या नाहीत."

बाकी सर्व क्षेम. द्राक्षं गोड आहेत, उशी टणक आहे. लोभ होता, हे विसरू नये ही विनंती.

आपला (आणि भट्टीचा अजूनही खरा हक्कदार),
इमरिख

ता. क. – विषयाचे दुसरे तज्ज्ञ तुम्ही, असं मी ब्रातिस्लाव्हाला कळवून टाकलं आहे. तिकीट ते काढतील. मी बोलावतोय असं मुळीच समजू नका, गाव बोलावतंय. सभा येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधून लोक परतले की.

दुसरा ता. क. – निघताना मार्गिताच्या थडग्यावर शेवंती ठेवली होती, ती आता सुकली असेल. येण्याआधी बदलशील का? तिला तुझ्या हातची फुलं आवडतील.

तिसरा ता. क. – तुझ्या हातची एक बाटलीही आण. माझी मी आल्या दिवशीच पारास्कोव्याबाईंना भेट दिली होती, सबंध स्लोव्हाकियात अशी नाही म्हणून. त्यांच्या सासूबाईंचे गुडघे आता पुष्कळ बरे आहेत.