दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, सोळा तास

३ फेब्रुवारी
अंकिताले पोरगा झाला. आपला पहिला नातू! जावयानं सॅन फ्रान्सिस्कोवरून तिकिटं पाठवली, माझं अन् कोकिळाचं. नागपूर-दिल्ली पावणेदोन तास. मग दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को, बारा हजार साडेतीनशे किलोमीटर, सोळा तास. आर्वी बसस्टँडवर बत्तीस वर्षं कंट्रोलर होतो, टायमिंग आपल्याले कोणी शिकवू नये. मधात एकही स्टॉप नाई, हे मात्र चूक आहे.

५ फेब्रुवारी
शेजारचा धनंजय दुबईले जाऊन आला. त्याले विचारलं, विमानाची खिडकी उघडते का? हसून राह्यला येडा. माझा प्रश्न टेक्निकल होता.

८ फेब्रुवारी, सकाळी ६
प्रॅक्टिस सुरू. कोठीच्या खोलीत खुर्ची, खिडकी बंद. कोकिळाले बाहेरून कडी लावाले सांगितली. टार्गेट सोळा तास.

६.२५
बाहेर आलो. खोलीत हवेचा प्रॉब्लेम आहे. कोकिळा म्हणते, मी दोन्ही हातांनी दार ठोकून राह्यलो होतो. मी दाराची मजबुती पाहत होतो.

११ फेब्रुवारी
प्रॅक्टिस बंद. ज्याले जमते त्याले प्रॅक्टिस कायले पाहिजे? रात्री छाती धडधडते, ते चहामुळं. आजपासून चहा बंद.
संध्याकाळी अर्धा कप घेतला.
कोकिळा डिंकाचे लाडू बांधून राह्यली. बिचारी नागपूरच्या पुढं कधी गेली नाई. तिले म्हटलं, तू घाबरशील म्हणून मी सोबत येतो. तिनं पुढचा लाडू वळाले घेतला.

१९ फेब्रुवारी, सकाळी ९, दिल्ली एअरपोर्ट
नागपूरवरून सुखरूप. विमानाचं दार लागलं तशी कोकिळा घाबरली असावी, म्हणून तिचा हात धरून ठेवला. तिच्या दोन बांगड्या फुटल्या.

दुपारी १
पासपोर्टच्या लाइनीत माझा पाय पुढंच पडेना. कोकिळाले म्हटलं, घराचं कुलूप नीट लागलं का नाई, जाऊन पाहून येतो. तिनं माझ्याकडं पाह्यलं. म्हणाली, “तुमच्यानं होत नाई ना? राहू द्या. मी पाहून येतो नातवाले.”
माझ्या हातातली लाडवांची पिशवी घेतली अन् गेली. मागं वळून पाह्यलं असेल. मी तेव्हा ट्रेनची चौकशी करत होतो.
संध्याकाळची गाडी मिळाली. निर्णय बरोबर आहे. घराकडंही कोणी पाहाले पाहिजे.

२० फेब्रुवारी, सकाळी ९.४०, नागपूर आउटर
गाडी पन्नास मिनिटांपासून उभी. डबा गच्च. दोन माणसांच्या मधात फसलो, हात खाजवाले जागा नाई.
कोकिळाचा व्हिडिओ कॉल आला. पोचली. अमेरिकेत अंकिताच्या घरी पलंगावर बसून, नातू मांडीवर. नाक माझ्यावर गेलं. कुठवर आले म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, नागपूर यायचंच आहे.
तिनं फोन पोराच्या तोंडाजवळ धरला. “हे पाह्य बाबू, आबाजी. गाडीत बसले. तुह्याकडंच येऊन राह्यले.”
मी हो म्हटलं. तेवढ्यात गाडी सुटली, घराकडं.