पेढ्यांऐवजी दात

९ जानेवारी १९७७, रविवार
पौषात मुलगी दाखवू नये, हे मी आठवडाभर सांगत होतो. ऐकलं कुणी? मुलाला सुट्टी आत्ताच मिळाली म्हणे. प्रभाकर नाव. मूळ चोपड्याकडचा, आमच्याच मुलखातला, पण नोकरी पार कच्छात, राहणं तंबूत. जमिनीतली जुनी हाडं शोधणारी सरकारी तुकडी आहे, तिच्यात. इथले, सुरतेतल्या उधन्याचे त्याचे मामा घेऊन आले. मालती शेवटची. हिचं झालं की मी मोकळा.
पोहे झाले, चहा झाला. आता मामांनी पेढ्यांचा पुडा काढायचा. पुडा नाही. मुलाने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि मालतीच्या हातावर दात ठेवला. काळपट, अंगठ्याएवढा, दोन मुळांचा.
म्हणाला, "देवमाशाच्या पूर्वजाचा आहे. तेव्हा त्याला पाय होते, जमिनीवर चालायचा."
तुकडीच्या साहेबांकडे असे बरेच आहेत म्हणे, हा टवका उडालेला म्हणून त्याला ठेवू दिला.
मी म्हटलं, आम्ही माळकरी, मासा घरात येत नाही. तर म्हणतो, काका, मासा नव्हे, जनावर. म्हणजे काय बरं झालं?
मामा छताकडे बघत होते.
मालतीने विचारलं, "मग पाण्यात कशाला गेला?" आजवर इतकी मुलं येऊन गेली, हिने तोंड उघडलं नव्हतं.
"ते अजून साहेबांनाही नक्की ठाऊक नाही," म्हणाला.
पुढच्या रविवारी उत्तर घ्यायला येणार. जमलं नाही तर दात परत करावा लागेल. म्हणजे तोवर सांभाळणं आलं.

१० जाने.
सकाळी बघतो तर सौ.ने दात देवांत ठेवून वर कुंकू लावलेलं. देवाच्या नावाचा मासा म्हणून. हाड आहे ते, मी म्हटलं, आणि उचलला. तांदळाच्या डब्यात घातला. मग उंदरांचं आठवलं. मग ट्रंकेत. ट्रंकेचं कुलूप धड नाही. शेवटी कोटाच्या खिशात ठेवून दिवसभर वरून हात दाबून फिरलो. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने विचारलं, पेटमां दुखे छे?
मुलगा डोक्याने बरा असेल ना, हाच विचार. सौ. म्हणते, "पोऱ्या चांगला शे. तुम्ही उगाच घोर लाई लेतस." हिला सगळीच पोरं चांगली दिसतात.

११ जाने.
खिशात दात नाही! आंघोळीला गेलो तेवढ्यात. घर उलटंपालटं केलं. संध्याकाळी मालती शाळेतून आली, पर्समधून काढून दिला. मुलांना दाखवायला नेला होता. शिकवते तिसरीला, आणि विचारायची पद्धत नाही. वर्गात हातोहात फिरला म्हणे, कुणी उठायलाच तयार नव्हतं. कुणाच्या तरी पेनाची शाई लागली आहे. निळा डाग, चांगला ठसठशीत.
साबणाने गेला नाही. लिंबाने गेला नाही.
डाग पडलेली वस्तू परत कशी द्यायची?

१२ जाने.
कतारगामला छगनभाईकडे गेलो. पूर्वी शेजारी होता, हिरे घासतो. सांगितलं की एवढा डाग काढ, बाकी हात लावू नको. मान हलवली. तोवर चहा पिऊन या म्हणाला, गेलो. येऊन बघतो तर कारागीर कामं सोडून त्याच्याभोवती उभे. दाताची एक बाजू आरशासारखी लखलखतेय. माझी टोपी दिसली मला तिच्यात.
"काका, हवे जुओ, केवो चमके छे."
मी तिथेच बाकावर बसलो. त्याला वाटलं मला आनंदाने घेरी आली. पाणी दिलं बिचाऱ्याने. होणाऱ्या जावयाची वस्तू आहे, तशी मळकी कशी पाठवायची, म्हणून केलं म्हणे. हिरे घासणाऱ्यांच्या त्या खोलीतून जे बाहेर जातं ते चमकूनच जातं. रागवायचं कोणावर? दुसरी बाजू पण करून देऊ का, असं वर विचारलं. दात घेऊन पळालो.
डाग मात्र गेला.

१३ जाने.
सौ.ला दाखवला. पदर तोंडात धरून हसत बसली, पोळी करपली. मालती हसली नाही. खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं रडते की काय.
"आबा," म्हणाली, "हे त्यांना तुम्ही स्वतः सांगायचं. मामांकडून नाही, आईकडून नाही."
म्हणजे हिच्या मनात आहे. आधीच्या मुलांच्या वेळी, नाही म्हणून कळवा, एवढंच म्हणायची. आणि मी दात घासून आणला. तो मुलगा उठून गेला तर?

१४ जाने. उत्तरायण
सगळं सुरत पतंग घेऊन छपरावर. काप्यो छे, काप्यो छे. मी खाली बसून वाक्यं जुळवत होतो. 'प्रभाकरराव, एक गोष्ट घडली.' नको, कुणी गेल्यासारखं वाटतं. 'दाताबद्दल थोडं.' हेही नको.
शेजारून उंधियू आलं. काळजीत होतो तरी दोनदा घेतलं.

१६ जाने., रविवार
आले. पाण्याचे तांबे ठेवायच्या आतच सांगून टाकलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. शाई, लिंबू, छगनभाई, सगळं एका दमात.
मुलाने दात घेतला, दाराशी उजेडात धरला. मामा खोकले.
"वाईट झालं," म्हणाला. "घासलेलं परत येत नाही."
मी टोपी काढून हातात घेतली.
मग मालतीकडे वळला. "पण मी तो तुम्हाला दिला होता. तुम्हीच ठरवा, ठेवायचा की नाही."
मालतीने हात पुढे केला, दात घेतला. "ठेवते," म्हणाली. "पण बाकीचं इतक्यात सांगत नाही. हा सापडला ती जागा मला आधी बघायची आहे."
मामा उसळले. मुलीने डोंगर बघायला जायची कुठली पद्धत?
आतून सौ. बोलली, "मुलीकडचे लोके घर देखाले जातस ना? पोऱ्यानं घर तंबू शे, तर आपण तंबू देखसूत."
मामांनी पाण्याचा तांब्या उचलला. मुलगा मात्र हसला, पहिल्यांदाच. "काका, या. पण खाट एकच आहे, ती तुम्हाला."
मला एकदा छगनभाईकडे घेऊन चला म्हणाला, घासायचं यंत्र बघायचं आहे. बरा असावा डोक्याने.

२० जाने.
माघ लागला. एक घोर कमी.
प्रभाकर कच्छला पोचला असेल. आम्ही तिघं पुढच्या आठवड्यात, २८ला शुक्रवारी निघणार. अहमदाबादला गाडी बदलायची, पुढे भूज, तिथून तो जीप घेऊन येणार. जीप आली नाही तर? तिथे पाणी गोड आहे की खारं? विंचू असतातच. हळदीची पुडी घेतली आहे, विंचवाला काय होणार तिने, पण घेतली.

२७ जाने., गुरुवार
सामान बांधून झालं. मालतीला सरळच विचारलं, हो आहे का तुझं? म्हणाली, आबा, बघून तर येऊ. दात नव्या शिवलेल्या पिशवीत घालून तिनेच जवळ ठेवला आहे, मला हात लावू देत नाही.
मला एकच कळेना. आजवर मोठ्या दोघींच्या वेळी घरं बघितली. भिंती बघायच्या, मोरी बघायची, सासू पाणी कशी देते ते बघायचं. तंबूत बघायचं काय? सौ.ला विचारलं. ती दशम्या बांधत होती. वर न बघता म्हणाली,
"तुम्ही तंबू नका देखू. आपली पोर कोठे देखस, ते देखा."
चष्म्याची काडी ढिली झाली आहे. सकाळी दोरा बांधून घेतो.